कान किती जाड धरायचा?

फोन नेहमीसारखा कानाला लावा आणि मोकळ्या हाताने त्या कानाची कड चाचपून बघा. एरवी डोक्यापासून बोटभर बाहेर उभा असलेला कान फोनखाली चपटा झालेला असतो. कूर्चा मऊ, ती दबते. फोन आणि कवटी यांच्यात उरते ती या दबलेल्या कानाची जाडी. मोठ्या माणसाचा कान दाबला तर किती मिलिमीटर उरतात आणि पाच वर्षांच्या मुलाचा दाबला तर किती, हे कुणी हौसेने मोजायला जाणार नाही. पण अँटेना आणि माणसाचं डोकं यांचं संगणकावर मॉडेल करणाऱ्यांमध्ये या मिलिमीटरांवरून पंधरा वर्षं वाद रंगला.

वादाचा प्रश्न साधा होता. एकच फोन, तेवढीच शक्ती. आधी बापाच्या कानाला, मग लेकाच्या. लेकाच्या डोक्यात जास्त ऊर्जा शोषली जाते का? १९९६च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या गटाने छापलं, हो, जाते. १९९८च्या फेब्रुवारीत झुरिकच्या गटाने छापलं, लक्षात घ्यावा असा फरक नाही. २००६ साली चौदा संस्थांनी मिळून हिशोब केला आणि उत्तर आलं की मोठ्या डोक्यातच जास्त. २०१० साली झुरिकहूनच आणखी एक निबंध आला, त्याचं म्हणणं पुन्हा वेगळं. विद्युतचुंबकीय क्षेत्राची मॅक्सवेलची समीकरणं सगळ्यांची तीच, ती सोडवायची रीतही बहुतेकांची तीच. यातल्या कुणाच्या बेरीज-वजाबाकीत चूक होती असं मला वाटत नाही. मग उत्तर फिरलं कसं, एवढंच इथे उलगडायचं आहे. फोनने आजार होतो की नाही हा वेगळा विषय. इथला हिशोब ऊर्जेचा आहे: किती, आणि डोक्यात नेमकी कुठे.

मोजतात ते काय

या क्षेत्रात सगळे ज्या आकड्यावर भांडतात त्याला एसएआर म्हणतात. एक किलो ऊतीत दर सेकंदाला किती ऊर्जा शोषली जाते ते, म्हणजे वॉट प्रति किलो. सूत्र एका ओळीचं: ऊतीची विद्युतवाहकता गुणिले तिथल्या विद्युतक्षेत्राचा वर्ग, भागिले घनता. ९०० मेगाहर्ट्झला डोक्याची सरासरी वाहकता ०.९७ सीमेन्स प्रति मीटर धरतात. ती घालून उलटं गणित केलं, तर १.६ वॉट प्रति किलो या प्रसिद्ध मर्यादेपाशी ऊतीच्या आत मीटरला सुमारे ४० व्होल्टचं क्षेत्र असतं.

हा आकडा एका बिंदूवरचा कुणी घेत नाही. १ ग्रॅम किंवा १० ग्रॅम ऊतीच्या घनावर सरासरी काढतात आणि डोक्यात असा सर्वांत तापलेला घन शोधून त्याचा आकडा जाहीर करतात. १ ग्रॅमचा घन म्हणजे बाजू १० मिलिमीटर, १० ग्रॅमचा म्हणजे साडेएकवीस. अमेरिकेची मर्यादा १ ग्रॅमवर १.६, युरोपची १० ग्रॅमवर २. वरवर बघता युरोप थोडासाच सैल वाटतो. पण प्रयोगशाळेत यंत्रणा तपासायला ९०० मेगाहर्ट्झचा जो प्रमाण डायपोल, म्हणजे सरळ दांडीची साधी अँटेना, वापरतात, तो डोक्याची जागा घेणाऱ्या द्रवापासून १५ मिलिमीटरवर ठेवून १ वॉट सोडला तर १ ग्रॅमवर सुमारे १०.८ आणि १० ग्रॅमवर सुमारे ६.९ येतात. म्हणजे अमेरिकेची मर्यादा गाठायला त्याला १४८ मिलिवॉट पुरतात, युरोपची गाठायला २९० लागतात. घन मोठा घेतला की तापलेल्या कडेबरोबर आतला थंड भागही सरासरीत येतो. घनाचा आकार हा निसर्गाचा नियम नव्हे, तो समितीत ठरतो. पुढे हे लागणार आहे.

डोक्यातलं क्षेत्र काढायची रीत १९६६ साली केन यी यांनी मांडली. जागा चिमुकल्या ठोकळ्यांत कापायची, काळ चिमुकल्या पावलांत कापायचा, आणि प्रत्येक ठोकळ्याच्या कडांवर विद्युतक्षेत्र व पृष्ठांवर चुंबकीय क्षेत्र आलटून पालटून पुढे सरकवत न्यायचं. ठोकळा २ मिलिमीटरचा असेल तर काळाचं पाऊल ३.८ पिकोसेकंदांपेक्षा मोठं टाकता येत नाही, नाहीतर गणित फुटतं. ९०० मेगाहर्ट्झच्या एका आवर्तनाला अशी जवळपास २९० पावलं लागतात, आणि क्षेत्र स्थिरावेपर्यंत कितीतरी आवर्तनं चालवावी लागतात. प्रत्येक ठोकळ्याला त्याची ऊती नेमून द्यायची. ९०० मेगाहर्ट्झला मेंदूच्या करड्या भागाची वाहकता ०.९४, पांढऱ्या भागाची ०.५९, कवटीच्या टणक हाडाची जेमतेम ०.१४, तर मेंदूभोवतीच्या पाण्याची २.४१. हाडातून ऊर्जा जवळपास सुखरूप पार होते आणि त्याखालच्या पातळ पाण्याच्या थरात चांगली शोषली जाते.

युटाचं डोकं

युटाच्या गटाचे प्रमुख ओम गांधी. दिल्ली विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकून अमेरिकेत गेलेले, विद्युतचुंबकीय लहरी आणि शरीर या विषयातले दिग्गज. त्यांच्यासोबत जियानलुका लाझी आणि सिंथिया फर्स. भारतातला पहिला मोबाइल कॉल कोलकात्याहून दिल्लीला झाला तो ३१ जुलै १९९५ला. त्यानंतर सव्वा वर्षाने यांचा निबंध आला. फोनला तेव्हा बाहेर डोकावणारी दांडी असायची, आणि त्यांच्या मॉडेलमधल्या फोनलाही ती होती.

डोकं बनवलं होतं एका पुरुषाच्या एमआरआय छायाचित्रांवरून. ठोकळा १.९७४ गुणिले १.९७४ गुणिले ३ मिलिमीटरचा. त्या काळच्या मानाने हे बारीक काम होतं. आता मुलांचं काय? पाच आणि दहा वर्षांच्या मुलांचे एमआरआय हाताशी नव्हते, म्हणून प्रौढाचंच मॉडेल मापात लहान केलं. ८३५ मेगाहर्ट्झला उत्तर आलं की डोकं जितकं लहान तितका १ ग्रॅमवरचा कमाल आकडा मोठा, आणि डोक्याच्या एकूण आकाराच्या मानाने ऊर्जा जास्त खोल जाते. प्रौढ, दहा वर्षांचा आणि पाच वर्षांचा अशी तीन डोकी उभी चिरून दाखवणारं त्यातलं चित्र पुढे जगभर फिरलं. मोबाइल आणि मुलं हा विषय निघाला की ते चित्र निघणारच. निबंधातली 'मॉडेल मापात लहान केलं' ही ओळ मात्र चित्रासोबत फारशी फिरली नाही.

त्या एका ओळीत बरंच काही दडलंय. प्रौढाचं डोकं सगळ्या बाजूंनी आक्रसलं की कवटी पातळ होते, त्वचा पातळ होते, आणि कानही पातळ होतो. दबलेला कान म्हणजे अशा मॉडेलमध्ये दोन-तीन ठोकळ्यांची भिंत. त्यातला एक ठोकळा इकडचा तिकडे झाला की अंतरात २ मिलिमीटरचा फरक पडतो. ज्या फरकावरून वाद पेटणार होता, तो मोजायच्या पट्टीवरच्या एकदोन रेघांएवढा होता.

झुरिकचं डोकं

झुरिकच्या तंत्रविद्यापीठातले फ्रँक शोनबॉर्न, मिखाएल बुर्कहार्ट आणि नील्स कुस्टर यांनी पहिला आक्षेप इथेच घेतला: मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे. मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, चेहरा लहान असतो, कवटीचा आकार वेगळा असतो. त्यांनी एका प्रौढाचे आणि तीन व सात वर्षांच्या दोन मुलांचे खरे एमआरआय घेतले. फोनच्या जागी ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झचे साधे डायपोल ठेवले, म्हणजे फोनच्या आकारामुळे होणारी गुंतागुंत नको. अंतर तिघांनाही सारखं. उत्तर आलं की प्रौढ आणि मुलं यांच्यात लक्षणीय फरक नाही.

यामागे कुस्टर आणि मोटोरोलाचे क्विरिनो बाल्झानो यांनी १९९२ साली मांडलेला एक विचार होता, आणि या सगळ्या प्रकरणात मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या मनात चित्र असतं की अँटेनातून लहर सुटते, डोक्यावर येऊन आदळते आणि आत शिरते. पण ९०० मेगाहर्ट्झची लहर हवेत ३३ सेंटिमीटर लांब असते आणि अँटेना असते डोक्यापासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर. इतक्या जवळ लहर धड तयारच झालेली नसते. तिथे चालतं ते अँटेनातल्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र आणि त्याने ऊतीत उठवलेले प्रवाह. घरच्या इंडक्शन शेगडीची आठवण करा. भांडं दोन बोटं वर उचललं की शेगडी जवळपास निकामी होते. भांडं केवढं आहे याने तितकासा फरक पडत नाही. कंप्रता वेगळी, पण अंतराचं महत्त्व तेच. या विचाराने एसएआर ठरवणाऱ्या गोष्टी दोन: अँटेनातला प्रवाह आणि अँटेनाचं ऊतीपासूनचं अंतर. डोकं लहान की मोठं, हे फार मागून येतं.

हाच विचार कागदावर लावून बघू. पातळ तारेजवळ चुंबकीय क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलतं आणि एसएआर त्या क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह तोच ठेवून अंतर १५ मिलिमीटरवरून १२ वर आणलं तर १५ भागिले १२ चा वर्ग, म्हणजे १.५६. तीन मिलिमीटरांत दीडपट! फोनमधली खरी अँटेना काही पातळ तार नसते आणि प्रवाह सगळ्या सांगाड्यावर पसरलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात घसरण इतकी तीव्र नसते. पण अंदाज यायला हे पुरे.

आता दोन्ही निबंध शेजारी ठेवले की गाठ सुटते. झुरिकने विचारलं होतं, अंतर तेच ठेवून डोकं बदललं तर? युटाने कळत-नकळत विचारलं होतं, डोक्याबरोबर कानही बदलला तर? पहिल्याचं उत्तर 'फरक नाही' असणार हे १९९२च्या विचारातच होतं. दुसऱ्याचं उत्तर 'जास्त' असणार, कारण अंतरच कमी झालं. दोघांनी वेगळे प्रश्न सोडवले होते. निबंधांच्या निष्कर्षांवरून मात्र ते एकाच प्रश्नावर भांडताहेत असं दिसत राहिलं. पालकाला हवं असलेलं उत्तर यातल्या कुठल्या प्रश्नाचं? मला विचाराल तर दुसऱ्याचं. मुलगा फोन कानाला लावतो तेव्हा अंतर सारखं ठेवायला कुणी पट्टी घेऊन शेजारी उभं नसतं. पण दुसरा प्रश्न नीट सोडवायला मुलाचा कान दाबल्यावर खरोखर किती जाड उरतो हे मोजलेलं हवं, आणि मापात लहान केलेलं प्रौढाचं डोकं ते सांगू शकत नाही. युटाचा प्रश्न बरोबर होता आणि डोकं चुकीचं. झुरिकचं डोकं बरोबर होतं आणि प्रश्न अर्धा.

साखरेच्या पाकाचं डोकं

कंपन्यांना दरम्यान फोन विकायचे होते, आणि तपासणीला एक ठरावीक डोकं हवं होतं. ते ठरलं: सॅम. लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं आहेत, पण ऐकायला एखाद्या शेजाऱ्याचं नाव वाटतं. सॅमची मापं घेतली १९८८ साली अमेरिकी लष्करात झालेल्या शरीरमापांच्या पाहणीतून, तीही पुरुषांमधल्या नव्वदाव्या शतमकाची. म्हणजे शंभरातल्या नव्वद सैनिकांपेक्षा सॅमचं डोकं मोठं. आयईईई या विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संघटनेच्या २००३च्या १५२८ या मानकात आणि २००५च्या आंतरराष्ट्रीय मानकात तोच आहे.

सॅम म्हणजे २ मिलिमीटर जाडीचं पोकळ प्लॅस्टिकचं कवच. आत मेंदू नाही, हाड नाही, फक्त एक द्रव. ९०० मेगाहर्ट्झचा हा द्रव कशाचा करतात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं: पाणी, मीठ, दाटपणासाठी थोडं सेल्युलोज, बुरशी लागू नये म्हणून किंचित जंतुनाशक, आणि वजनाने निम्म्याहून जास्त साखर. चक्क पाक! साखर परावैद्युत स्थिरांक (विद्युतक्षेत्रात पदार्थ किती ऊर्जा साठवतो याचं माप) खाली ओढते, मीठ वाहकता वर नेतं, आणि दोन्हींचा तोल साधला की द्रव ४१.५ आणि ०.९७ या ठरलेल्या आकड्यांवर बसतो. पाकासारखाच तो जपावाही लागतो. पाणी उडालं की आकडे सरकतात, म्हणून मोजणीआधी दर वेळी तपासायचं. मग फोन कवचाला बाहेरून लावायचा, एकदा गालाला टेकवून आणि एकदा १५ अंश बाहेर कलवून. फोन पूर्ण शक्तीवर चालवायचा आणि रोबोचा हात पाकात बारीक शलाका फिरवत क्षेत्र टिपत जातो. ती शांत, जड हालचाल तासभर बघत बसावंसं वाटतं.

आणि कान? सॅमच्या कानाच्या जागी प्लॅस्टिक आहे. कानाच्या संदर्भबिंदूपाशी फोन आणि पाक यांच्यात ६ मिलिमीटरचं अंतर, आणि ते प्लॅस्टिक स्वतः काहीच शोषत नाही. ओम गांधी आणि गांग कांग यांनी २००२ साली नेमकं इथे बोट ठेवलं. खरा कान ही जिवंत ऊती आहे, ती शोषते, दबते. तिच्या जागी न शोषणारं प्लॅस्टिक बसवून तुम्ही पाक अँटेनापासून दूर ढकलता, आणि आकडा निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो, हे त्यांचं म्हणणं. सॅमच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद वेगळा होता. खऱ्या डोक्यात कमी शोषणारं हाड आणि चरबी असते. सॅममध्ये कानापासून पलीकडपर्यंत सगळा शोषणारा पाक. त्यामुळे एकूण आकडा खऱ्यापेक्षा जास्तच येतो, म्हणजे तपासणी सुरक्षित बाजूला झुकलेली आहे.

चौदा संस्था

हा तंटा सोडवायला आयईईईच्या समितीने एक काम हाती घेतलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले ब्रायन बियर्ड त्याचे पहिले लेखक. सरकारी, विद्यापीठीय आणि उद्योगातल्या मिळून चौदा संस्था. सगळ्यांना फोनचं एकच मॉडेल आणि डोक्यांची ठरलेली मॉडेलं दिली: सॅम, प्रौढ, मूल. प्रत्येकाने आपापल्या सॉफ्टवेअरवर, फोन आपापल्या हाताने डोक्याला लावून, ८३५ आणि १९०० मेगाहर्ट्झला गणित केलं. २००६ साली निकाल छापला गेला. सॅममध्ये येणारा आकडा खऱ्या शरीररचनेच्या डोक्यांपेक्षा जास्त. आणि सगळ्या कंप्रतांना, सगळ्या स्थितींत, प्रौढाच्या डोक्यातला कमाल आकडा मुलाच्या डोक्यापेक्षा जास्त; १ ग्रॅमवरही आणि १० ग्रॅमवरही.

बातमी म्हणून एवढंच वाचलं तर वाद मिटला. पण निकालाच्या वाक्याला सुरुवातीला एक अट आहे: बाहेरच्या कानातला एसएआर डोक्यापासून वेगळा काढला असता. कान फोनला सर्वांत जवळ, त्यामुळे सर्वांत जास्त शोषण तिथे. त्याला डोक्यात धरलं तर तापलेला घन कानातच सापडतो. वगळलं तर घन कानामागच्या त्वचेपाशी जातो. १ ग्रॅमचा घन १० मिलिमीटरचा आणि दबलेला कान पातळ, म्हणजे घन कानात नीट मावतसुद्धा नाही. तो कुठे ठेवायचा, त्यात हवा आली तर चालेल का, हे सगळं नियमाने ठरवावं लागतं. घनाचा आकार समितीत ठरतो असं वर म्हटलं होतं. कान हा डोक्याचा भाग आहे की नाही, हेही तिथेच ठरलं.

हे ठरवणं पुढे कायद्यातही आलं. २०१३ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने बाहेरचा कान हात-पाय, मनगट, घोटा यांच्या गटात टाकला. या गटाची मर्यादा १० ग्रॅमवर ४ वॉट प्रति किलो. शरीरशास्त्राचं पुस्तक काहीही म्हणो, त्या नियमात कान आता पायाच्या घोट्याच्या पंगतीला बसतो. याला काहीच आधार नाही असंही नाही: कानात मेंदू नाही, रक्तपुरवठा चांगला आहे, थोडा तापला तर बिघडत नाही. पण एक पातळ अवयव हिशोबातून उचलून बाजूला ठेवल्यावर मुलाचा आणि बापाचा क्रम बदलू शकतो, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाचावा.

कमाल किती, आणि कुठे

आत्तापर्यंत सगळे एकाच गोष्टीच्या मागे होते: कमाल आकडा, मग तो डोक्यात कुठेही असो. फोन विकायची परवानगी द्यायला ते ठीक. पण दोन डोक्यांत कमाल आकडा अगदी सारखा आला, तरी एकात तो गालाच्या स्नायूत असेल आणि दुसऱ्यात मेंदूच्या सालीत.

२०१० साली अँड्रियास क्रिस्ट, कुस्टर आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न ऊतीगणिक विचारला. डोक्यातला कमाल एसएआर वयानुसार बदलत नाही, हे त्यांनाही आढळलं. १९९८चं उत्तर त्या अर्थाने टिकलं. पण मुलाची कवटी आणि कान पातळ, म्हणून मेंदू फोनच्या जवळ. मेंदूच्या काही भागांत, म्हणजे बाहेरच्या थरात आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पससारख्या जागी, स्थानिक आकडा प्रौढाच्या दुपटीहून जास्त जाऊ शकतो. कवटीच्या हाडातल्या मज्जेत तर दसपटीहून जास्त. मज्जेचं कारण अंतराचं नाही. लहान वयात ती पाणीदार आणि रक्ताळ असते, वय वाढेल तशी तिच्यात चरबी भरते, आणि चरबीची वाहकता नगण्य. उलट मेंदूच्या मधोमध असलेल्या पीनियल ग्रंथीसारख्या जागी वयाने काही फरक नाही, कारण तिचं फोनपासूनचं अंतर वयानुसार बदलत नाही.

वय वाढतं तसे ऊतींचे विद्युत गुणधर्म बदलतात, हे मॉडेल करणाऱ्यांच्या ध्यानात उशिराच आलं. २००१ साली अझादेह पेमन आणि कॅमेलिया गॅब्रिएल यांनी उंदरांच्या ऊती वयोमानाप्रमाणे मोजून दाखवलं की कोवळ्या ऊतीत पाणी जास्त आणि त्यामुळे वाहकताही. १९९६च्या आणि १९९८च्या दोन्ही निबंधांत मुलाच्या डोक्यात प्रौढाच्याच ऊती होत्या.

आता दोन्ही गटांना थोडं थोडं बरोबर म्हणता येतं, आणि प्रत्यक्षात तसंच झालं. मुलांच्या मेंदूत जास्त ऊर्जा जाते म्हणणारे २०१० चा निबंध पुढे करतात. कमाल आकडा बदलत नाही म्हणणारेही तोच निबंध पुढे करतात. २०११च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या २ब गटात टाकलं, तेव्हा मेंदूत दुप्पट आणि मज्जेत दहापट हे आकडे त्यांनीही मांडले होते.

आपल्या हातातला आकडा

भारतात १ सप्टेंबर २०१२पासून अमेरिकेसारखीच मर्यादा आहे, १ ग्रॅमवर १.६, त्याआधी १० ग्रॅमवर २ होती. वरच्या डायपोलच्या हिशोबाने हा बदल जवळपास दुप्पट कडक. फोनवर *#०७# दाबलं की त्या फोनचा आकडा दिसतो. तो बघून दोन फोनांची तुलना करणारे पुष्कळ भेटतात: याचा ०.९, त्याचा १.२, म्हणून हा घेतला. हा आकडा पाकाच्या डोक्यावर, प्लॅस्टिकच्या कानावर आणि फोन पूर्ण शक्तीवर असतानाचा आहे. रोजच्या वापरात शक्ती स्थिर नसते. जुन्या जीएसएम फोनचीच गोष्ट घ्या: ९०० मेगाहर्ट्झला तो २ वॉटपासून खाली ३ मिलिवॉटपर्यंत उतरू शकायचा, म्हणजे सहाशेपटींहून जास्त फरक. टॉवर समोर असताना फोन कुजबुजतो. कसारा घाटात गाडीच्या डब्यात रेंजची एकच कांडी उरली असताना ओरडतो. ०.९ आणि १.२ मधला फरक त्या घाटात कुठल्या कुठे वाहून जातो.

मॉडेल करायला शिकणाऱ्या मुलांना मी आता या प्रकरणावरून एकच काम देतो. एक डोकं, एक डायपोल, ९०० मेगाहर्ट्झ. कानाची जाडी ४, ६, ८, १० मिलिमीटर घ्या. प्रत्येक जाडीला आकडा दोनदा काढा, कान धरून आणि कान वगळून. चार जाड्या, दोन हिशोब, आठ आकडे. ते कागदावर आले की कुणीतरी विचारतंच, "सर, यातला खरा कुठला?"

आणि सध्या मूल फोन कानाला लावतंय तरी कुठे? तो समोर धरलेला असतो, मांडीवर असतो, किंवा आभासी दुनिया बघायच्या खोक्यात घालून थेट डोळ्यांसमोर बांधलेला. सॅमला गाल आणि कलता गाल एवढ्याच दोन स्थिती ठाऊक आहेत. त्या खोक्यात कान कुठेच मध्ये येत नाही. तिथे फोन आणि डोळा यांच्यातलं अंतर ठरवतो तो प्लॅस्टिकचा साचा, आणि तो बापाला आणि लेकाला एकाच मापाचा असतो.